मले तं तवाच वाटलं होतं

आमच्या यवतमाळकडे मयतीच्या घरी अर्धा तास बसलं, की हे वाक्य कानावर येतंच. "मले तं तवाच वाटलं होतं." मग एकेक पुरावा निघतो. मागच्या बाजाराला तो चहा न घेताच उठला होता. पोळ्याला बैलाच्या पाठीवरून जरा जास्तच वेळ हात फिरवत होता. सांगणारे खोटं बोलत नसतात. पण या गोष्टी घडल्या तेव्हा त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नव्हतं. शेवट कळल्यावरच त्यांच्या खुणा झाल्या.

सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) परवा मोबाईलवर दुसऱ्यांदा पाहताना हे वाक्य आठवत राहिलं. गोष्ट साधी आहे. विदर्भातल्या एका गावात शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो आणि अलकाच्या मनात भीती बसते, आपला किस्नाही त्याच वाटेनं गेला तर? ती लहान पोराला त्याच्या मागावर ठेवते, सासूलाही सोबत घेते, घरात गोडधोड करते. किस्नाच्या डोक्यात मात्र बियाणं आणि पाऊस. सगळे आपल्याभोवती असे का घोटाळतायत, हे त्याला उमगत नाही.

पुढं घडणाऱ्या गोष्टीची चाहूल आधी देण्याला आपण मराठीत 'बीज पेरणं' म्हणतो. शब्द शेतीतला, पण कथेतली पेरणी आणि वावरातली पेरणी यांत मोठा फरक आहे. कथेत पेरलेलं वाया जात नाही. पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक दिसली तर ती पुढं उडायला हवी, असं चेखव्ह सांगायचा. लेखकाला शेवट माहीत असतो, म्हणून तो खूण नेमकी ठेवू शकतो. वावरात मात्र पाऊस दडी मारतो, कोंब जळतात आणि दुबार पेरणी करावी लागते. तिथं कुठलं बी उगवेल हे कुणालाच माहीत नसतं.

या सिनेमाची ताकद मला इथं दिसते. तो कथेचा नियम किस्नावर लादत नाही. किस्ना गप्प बसला की अलकाला त्यात एक अर्थ दिसतो, पण किस्ना दुसराच हिशोब करत असतो. या दोन अर्थांच्या फटीतून हसू येतं आणि त्याच फटीतून धास्तीही वाटते. आपणही अलकासारखेच खुणा शोधत बसतो आणि मध्येच आपल्याला आपलीच लाज वाटते, कारण समोरचा माणूस जिवंत आहे, पेरणी करतोय आणि आपण त्याचा शेवट ठरवून मोकळे झालोत. तो शेवट काय आहे, ते इथं सांगत नाही.

उलट कॉलेजच्या कितीतरी एकांकिका आणि यूट्यूबवरच्या शॉर्ट फिल्म आठवा. पहिल्याच दृश्यात भेगाळलेली जमीन, कोरडी विहीर, आभाळाकडे पाहणारा म्हातारा. शेतकरी तोंड उघडण्याआधीच मेलेला असतो. करणाऱ्यांच्या मनात कळवळा असतो, पण अशी खूण कर्जाचं आणि भावाचं नशीब करून टाकते. नशिबाला कुणी जाब विचारत नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या एका तारखेकडेही असंच पाहायला हवं. १९ मार्च १९८६. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि मुलांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रातली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ही घटना ओळखली जाते. आता दर १९ मार्चला अनेक जण अन्नत्याग करतात. पण 'पहिली' हा शब्द त्या दिवशी कुणाकडे नव्हता. दुसरी, दहावी, हजारावी झाली, तेव्हा ती पहिली ठरली. आज मागं वळून पाहताना ती तारीख पुढच्या सगळ्याची चाहूल वाटते. तसं म्हणताना एक विसरायला नको. मधल्या प्रत्येक वर्षी हे थांबवता आलं असतं. कथेतली खूण शेवटाशी बांधलेली असते. आयुष्यातली खूण मोकळी असते, म्हणून तर तिच्याकडे वेळेवर पाहण्यात अर्थ आहे.

अलका नेमकं तेच करते. ती चुकत असेल, हास्यास्पदही दिसत असेल, पण ती 'तवाच' पाहते.

आमच्याकडे लागोपाठ दोन वर्षं सोयाबीन गेलं, तेव्हा मी सातवीत होतो. बाबा सकाळी जेवून निघायचे, तरी शाळा सुटली की आई मला डबा देऊन वावरात पिटाळायची. खेळ बुडतो म्हणून मी चिडायचो. सिनेमातलं ते पोर पाहिलं आणि तो डबा कशासाठी होता, ते इतक्या वर्षांनी कळलं.

सिनेमा संपल्यावर घरी फोन लावला. बाबांना सरळच विचारलं, की त्या डब्याचं तुम्हाला कळत होतं का?

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मले मालूम होतं ना. म्हनून तं भूक नसली तरी तुह्यासंग बसून जेवत होतो."