‘कुंकू’मधले घड्याळ

व्ही. शांताराम म्हटले की बहुतेकांना ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आणि ‘नवरंग’ (१९५९) आठवतात. रंगांची उधळण, नृत्यांची आरास. मला मात्र शांतारामबापू आठवतात ते भिंतीवरच्या एका घड्याळामुळे.

‘प्रभात’ने १९३७ साली ‘कुंकू’ काढला आणि त्याचीच हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’. कथा ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीची. मामाने पैशासाठी नीरेला म्हाताऱ्या, बिजवर वकिलाच्या गळ्यात बांधले आहे. ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. विषय जरठविवाहाचा. असे विषय आपल्या रंगभूमीवर ‘शारदा’पासून येऊन गेले होते. मग या चित्रपटात नवे काय?

नवे आहे ते कान देऊन ऐकण्यासारखे. या बोलपटाला पार्श्वसंगीत नाही. ऐकू येतात ते घरातले आवाज. गाणे हवे तर नीरा ग्रामोफोन लावते. कुठल्या क्षणी काय वाटावे हे सांगायला व्हायोलिन धावून येत नाही, त्यामुळे घड्याळाची टिकटिक आपल्या मनात ठोके देऊ लागते. जुने, मालकासारखेच थकलेले ते घड्याळ. पुढे फुटक्या आरशाच्या तुकड्यांतून काकासाहेबांना आपलेच अनेक चेहरे दिसतात. उपदेशाचे एक वाक्य न उच्चारता दिग्दर्शक त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. आणि केशवराव दाते ती भूमिका अशी करतात की, ज्याचा राग यावा त्याची कीव येते. शांता आपट्यांच्या नीरेची जिद्द खरी वाटते ती समोर असा हाडामांसाचा माणूस आहे म्हणूनच. मला वाटते, मोठ्या दिग्दर्शकाची खूण ही: तो खलनायकालाही त्याचे घर, त्याचे आवाज देतो.

हा चित्रपट मी प्रथम पाहिला तो आमच्या माडीवर, भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर. शेजारच्या कन्नड अज्जीही आल्या होत्या. मराठी त्यांना बाजारापुरते येई. आई मधूनमधून अर्थ सांगू लागली, तर त्यांनी हातानेच तिला गप्प केले. लंबकाला भाषांतर लागत नाही. याच शांतारामबापूंनी तरुणपणी हुबळीच्या पत्र्याच्या थिएटरात पडेल ते काम केले होते. दोन भाषांच्या मुलखात पडद्याकडे बघणाऱ्यांचे चेहरे त्यांनी तिथे न्याहाळले असतील काय, असे मला उगाच वाटून जाते.

शेवटी काकासाहेब आत्महत्या करतात. जाताना नीरेला पुन्हा लग्न करायची मोकळीक पत्राने देतात. लंबक थांबतो. आम्ही सगळे हेलावलो होतो. अज्जी पदर सावरत उठल्या आणि आईला म्हणाल्या, “तो मेला म्हणून ही सुटली. जिता राहिला असता तर?”

त्यांचेही लग्न बिजवराशी झाले होते. त्यांनी त्या घरात चाळीस वर्षे काढली.

‘कुंकू’वर मी बरीच परीक्षणे वाचली आहेत. शेवटाचा कमकुवत दुवा इतक्या नेमकेपणाने कुणी दाखवलेला मला आढळला नाही. तासभर घड्याळाला बोलू देणारा दिग्दर्शक शेवटी पत्राचा आधार घेतो आणि प्रश्न मृत्यूवर सोडवतो. हा दोष मान्य करूनही मी ‘कुंकू’ पुन्हा पाहतो. कारण अज्जींना तो प्रश्न विचारायचे बळ त्याच चित्रपटाने दिले होते. त्याआधी त्या विषयावर त्या आमच्याकडे कधीच बोलल्या नव्हत्या.