मापात राहिलेली वास्तू

गिरगाव चौपाटीच्या वाळूत उभे राहून समुद्राकडे पाठ केली की रस्त्यापलीकडे विल्सन कॉलेजची दगडी इमारत दिसते. मुंबई पाहायला आलेला माणूस सहसा समुद्राकडे पाठ करत नाही. त्यामुळे ही वास्तू अनेकांच्या डोळ्यांखालून गेली, पण नजरेत भरली ती थोड्यांच्या.

जॉन अ‍ॅडम्स यांनी रचलेली ही इमारत 1889 मध्ये पूर्ण झाली. तो काळ आठवला म्हणजे तिच्यातला संयम ध्यानात येतो. राजाबाई टॉवर 1878 मध्ये उभा राहिला होता. वास्तुविशारद स्टीव्हन्स यांचे व्हिक्टोरिया टर्मिनस 1888 मध्ये नुकतेच पुरे झाले होते. मुंबईत गॉथिक शैलीला ऐन बहर आला होता आणि मनोरे, घुमट, कोरीव शिल्पे यांची चढाओढ लागली होती. अ‍ॅडम्स यांनी शैली तीच पत्करली. टोकदार कमानी आणि उतरती छपरे इथेही आहेत, पण सूर खालच्या पट्टीतला आहे. व्हिक्टोरिया टर्मिनससमोर मान वर करून पाहावे लागते, विल्सनकडे सरळ पाहता येते. आज मरीन ड्राइव्हवरून येताना तर वाटते, की त्या वळणाला शेवट हवा म्हणूनच कोणी ही इमारत मुद्दाम तिथे बसवली असावी. प्रत्यक्षात इमारत आधीची. मरीन ड्राइव्हचा ‘राणीचा हार’ पुढे विसाव्या शतकात, समुद्र मागे हटवून झाला. शेजारी एवढा बदल होऊनही जिचे माप चुकल्यासारखे वाटत नाही, त्या वास्तूचा आराखडा किती नेमका असला पाहिजे!

संस्था इमारतीहून पुष्कळ जुनी आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले आणि 1832 मध्ये त्यांनी अंब्रोली इंग्लिश स्कूल काढले. मुंबई विद्यापीठ 1857 चे, म्हणजे शाळा विद्यापीठाहून पंचवीस वर्षांनी थोरली. त्यांच्या पत्नी मार्गारेट विल्सन यांनी मुंबईत येताच मुलींच्या शाळा सुरू केल्या होत्या. त्या 1835 मध्ये वारल्या. विल्सन मराठी शिकले ते कामापुरते नव्हे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आपल्यापैकी अनेकांनी हाताळला असेल. त्याच्या 1857 च्या आवृत्तीत मुख्य कोशापूर्वी मराठी भाषेची घडण आणि तिचा प्रसार यांवर एक निबंध आहे, तो विल्सन यांचा. शब्द शोधायच्या घाईत आपण ती पाने उलटतो. पुढे ज्याच्या नावाने कॉलेज ओळखले गेले त्या माणसाने आपल्या भाषेकडे किती बारकाईने पाहिले, हे तिथे कळते.

धर्मप्रसार हा या शाळेचा उघड हेतू होता आणि तो झाकून तिचे रसग्रहण करता येणार नाही. 1839 मध्ये धनजीभाई नौरोजी या पारशी विद्यार्थ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. शहरात खळबळ माजली, प्रकरण कोर्टात गेले आणि पालकांनी मुले काढून घेतली. शाळा त्यातून सावरते न सावरते तोच 1843 मध्ये स्कॉटलंडमधले चर्च फुटले. विल्सन फ्री चर्चच्या बाजूने गेले आणि त्यासाठी त्यांना होती ती जागा सोडावी लागली. स्वतःच्या मतासाठी किंमत मोजणारा माणूस म्हणून मला ते इथे विशेष आदरणीय वाटतात.

या कॉलेजचा खरा चमत्कार मात्र त्याच्या विद्यार्थ्यांत आहे. स्कॉटिश चर्चच्या या कॉलेजातून बी.ए. झालेल्या पांडुरंग वामन काणे यांनी हिंदू धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. पाच खंड, साडेसहा हजारांहून अधिक पाने, 1930 ते 1962 असे बत्तीस वर्षांचे प्रकाशन आणि 1963 मध्ये भारतरत्न! बाळ गंगाधर खेर इथलेच, आणि त्यांच्यामागून 1952 मध्ये मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झालेले मोरारजी देसाईही इथलेच. उषा मेहता इथे तत्त्वज्ञान शिकल्या. 1942 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेसचे गुप्त रेडिओ केंद्र सुरू केले, ते याच चौपाटीवरच्या एका इमारतीतून. नोव्हेंबरमध्ये अटक झाली, पुढे तुरुंगवास झाला. त्यानंतर त्या परत आल्या आणि विल्सनमध्येच सुमारे तीस वर्षे शिकवत राहिल्या. ज्या हेतूने शाळा काढली त्याच्या कितीतरी पलीकडे विद्यार्थी गेले आणि संस्थेने त्यांना आपले म्हटले. शिक्षणसंस्थेचे याहून मोठे यश मला ठाऊक नाही.

आता वसतिगृहांकडे वळू. चौसाळ्यासारख्या गावाहून मुंबईला शिकायला निघालेल्या पोराच्या घरी पहिली काळजी असते ती ‘राहायचे कुठे’ ही. विल्सनमध्ये मुलांसाठी मॅकीकन हॉल आहे. प्राचार्य डुगाल्ड मॅकीकन यांचे नाव त्याला दिले आहे. विल्सन यांच्याप्रमाणे तेही मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. मुलींच्या वसतिगृहाला नाव आहे पंडिता रमाबाईंचे, आणि या नावात एक सुरेख योग आहे. रमाबाईंनी विधवांना निवारा आणि शिक्षण देणारे शारदा सदन सुरू केले ते 11 मार्च 1889 रोजी, याच चौपाटीच्या परिसरात. कॉलेजची इमारत पुरी झाली तेच हे वर्ष. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई म्हणजे पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. सदन पुढच्याच वर्षी पुण्याला गेले, पण रमाबाईंचे नाव गावदेवीतल्या रस्त्याला आणि या वसतिगृहाला राहिले. घर सोडून शिकायला आलेल्या मुलींच्या निवाऱ्याला याहून उचित नाव कोणते असते? आपल्याकडची कोणी मुलगी तिथे राहायला निघाली असेल, तर ट्रंक भरण्याआधी तिच्या हाती रमाबाईंचे चरित्र द्या.