फुटव्यांची मोजणी आणि प्रकाश-पोषणाचा प्रश्न : पूर्व विदर्भातील धानलागवडीच्या संदर्भात एक चिकित्सा

धानाच्या उत्पादनवाढीसंबंधी मराठीत जे विस्तारसाहित्य निघते, म्हणजे घडीपत्रिका, प्रात्यक्षिकांचे अहवाल, मेळाव्यांतील भाषणे, त्यात यशाचे एक माप ठरून गेले आहे. एका चुडाला किती फुटवे आले, हे ते माप होय. चाळीस-पन्नास फुटव्यांचा चूड मुळासकट उपटून त्याचे छायाचित्र छापले जाते आणि त्याखाली ‘भरपूर सूर्यप्रकाश व संतुलित खतमात्रेचा परिणाम’ अशी ओळ असते. प्रस्तुत लेखात या मापाची आणि या ओळीची चिकित्सा करावयाची आहे. हे माप फसले तर शेतकऱ्यास दिलेला सल्लाही फसतो, म्हणून हा केवळ परिभाषेचा वाद नव्हे.

प्रथम साधे गणित पाहू. २० × १५ सेंटिमीटर अंतरावर रोवणी केली तर एका चौरस मीटरमध्ये सुमारे ३३ चूड बसतात. २५ × २५ सेंटिमीटरवर १६. पहिल्या बांधीत चुडाला १४ फुटवे आणि दुसऱ्या बांधीत २९ फुटवे धरले, तरी चौरस मीटरमागील संख्या अनुक्रमे ४६२ व ४६४ येते, म्हणजे जवळजवळ सारखीच. छायाचित्रात मात्र दुसरी बांधी दुप्पट संपन्न दिसते. धान्य देते ती लोंब. चौरस मीटरमध्ये भरलेल्या लोंबी किती, हा खरा प्रश्न आहे. प्रति चूड फुटव्यांची संख्या त्याचे उत्तर देत नाही.

‘भरपूर सूर्यप्रकाश’ या शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. एक म्हणजे प्रकाशाचे प्रमाण, ज्यावर प्रकाशसंश्लेषण व शर्करेचा पुरवठा अवलंबून असतो. दुसरी म्हणजे प्रकाशाचा रंग. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते, पण त्यापलीकडचा अतितांबडा प्रकाश बव्हंशी परतवते किंवा पलीकडे जाऊ देते. उघड्या उन्हात या दोहोंचे गुणोत्तर सुमारे १.१ ते १.२ असते; दाट पिकाच्या तळाशी ते ०.२ च्याही खाली उतरते. फायटोक्रोम हे रंगद्रव्य हा फरक ओळखते. ज्वारीवरील २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, फायटोक्रोम-बी सक्रिय असताना कक्षस्थ कलिकेतील ‘टीबी-१’ जनुक दबलेले राहते व कलिका वाढते. अतितांबडा प्रकाश वाढला की ते जनुक डोके वर काढते व कलिका निद्रिस्त होते. विशेष म्हणजे शेजारच्या पानांवरून परावर्तित झालेला प्रकाशही हा संकेत देऊ शकतो. अर्थात प्रत्यक्ष सावली पडण्यापूर्वीच रोपाला शेजाऱ्याची चाहूल लागते.

पोषणाचेही तसेच. नत्र हे केवळ ‘खाद्य’ नसून आज्ञाही आहे. भातावर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार नत्र वाढले की ‘एनजीआर-५’ हे प्रथिन वाढते आणि फुटवे रोखणाऱ्या जनुकांना ते शांत करते. स्फुरदाची कथा आपल्याकडील वाचकास अधिक जवळची वाटावी. स्फुरद कमी पडला की मुळे स्ट्रायगोलॅक्टोन नावाची संप्रेरके अधिक बनवतात. ती कलिकांना थोपवतात, हे २००८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. या संप्रेरकांना नाव मिळाले ते ‘स्ट्रायगा’वरून, म्हणजे ज्वारीच्या शेतकऱ्याला ठाऊक असलेल्या टारफुल्यावरून. त्याचे बीज ज्या मुळस्रावामुळे उगवते, त्यातील पहिला पदार्थ १९६६ साली हाती लागला होता. तो फुटव्यांवरही हुकूम चालवतो, हे कळण्यास चाळीसहून अधिक वर्षे लागली.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रात प्रसार झालेली, डॉ. नारायण सावंत यांच्या नावाशी जोडलेली ‘चारसूत्री’ पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. तीत १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतराने रोवणी होते. चार चुडांच्या लहान चौकोनात मध्यभागी युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी चिखलात खोचतात. चौरस मीटरमागे २५ चूड आणि हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १७० किलो खत. रुंद पट्ट्यांतून प्रकाश तळाशी पोहोचतो, आणि चिखलात खोल गेलेले नत्र वाया न जाता मुळांना हळूहळू मिळते. पद्धत विचारपूर्वक रचलेली आहे, यात शंका नाही. पण तिच्या फलिताचे श्रेय अंतराला किती व गोळीला किती, हे एकाच प्रात्यक्षिकातून सांगता येत नाही. तरी अहवाल ते निःसंकोच सांगतात. अंतर आणि खत दोन्ही एकदम बदलले तर कारण कोणते, हा प्रश्न पदवीच्या विद्यार्थ्यानेही विचारावा.

उलट टोकही गाठून झाले आहे. सी. एम. डोनाल्ड यांनी १९६८ मध्ये आदर्श गव्हाला एकच ताट असावे असे मांडले. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९८९ पासून कमी फुटव्यांचा, मोठ्या लोंबीचा धान घडवायला घेतला; पहिल्या पिढीत दाणे नीट भरले नाहीत आणि पुढे फुटवे पुन्हा वाढवावे लागले. फुटवा हा पिकाचा विमा असतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

आता पूर्व विदर्भाकडे वळू. रामटेक-मौद्याच्या पेंच कालव्याखालील शेतकऱ्याला कोवळे, दहा-बारा दिवसांचे एकेक रोप लावण्याचा सल्ला पाळता येईल. भंडारा, चंद्रपूर वा गडचिरोलीतील कोरडवाहू बांधीत पाऊस लांबला की पऱ्हे चाळीस दिवसांचे होतात. दाट टाकलेल्या पऱ्ह्यात खालच्या कांड्यांवरील कलिका अतितांबड्या प्रकाशात आधीच निजलेल्या असतात. रोवणीनंतर खत दिले तरी त्या फुटतीलच असे नाही. अशा वेळी तो शेतकरी चुडात चार-पाच पऱ्हे लावतो. विस्तारसाहित्य त्याला ‘पारंपरिक चूक’ म्हणते. वस्तुतः न येणाऱ्या फुटव्यांची ती भरपाई आहे. त्याला सांगायचेच असेल तर पऱ्हे विरळ टाकण्याविषयी सांगावे. प्रकाशाचा प्रश्न तेथेच, रोवणीच्या महिनाभर आधी, सुरू होतो.

गादमाशीचेही भान हवे. तिने पोंगा नळीसारखा केला की तो फुटवा लोंब देत नाही, पण रोप नवे फुटवे काढत राहते व त्यांतील बरेच वांझ ठरतात. मोजणाऱ्याच्या वहीत हा रोगट चूड सर्वांत भरघोस नोंदला जाण्याची शक्यता असते. म्हणून आपल्या महाविद्यालयांतील प्रकल्पांत एकूण फुटव्यांच्या रकान्याशेजारी लोंब धरलेल्या फुटव्यांचा, रोवणीच्या दिवशीच्या पऱ्ह्याच्या वयाचा आणि चौरस मीटरमधील चुडांचा रकाना असावा. त्याला दोरी, चौकट आणि वही यापलीकडे कोणताही खर्च नाही.