'लास्ट कॅब टू डार्विन' : परतीच्या वाटेचे चिंतन

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात ब्रोकन हिल हे चांदी, शिसे व जस्ताच्या खाणींचे गाव आहे. तेथील मॅक्स बेल हा कर्करोगग्रस्त टॅक्सीचालक १९९६ साली सुमारे ३००० किलोमीटर गाडी हाकीत डार्विनला गेला, तो मरण मागण्यासाठी. नॉर्दर्न टेरिटरीने १९९५ साली इच्छामरणाचा कायदा संमत केला होता. परंतु आवश्यक त्या डॉक्टरांच्या सह्या त्यास मिळाल्या नाहीत. तो गावी परतला व तेथील इस्पितळात वारला. पुढे १९९७ साली केंद्रीय संसदेने तो कायदा निष्प्रभ केला. या घटनेवरून रेज क्रिब यांनी नाटक लिहिले आणि त्या नाटकावरून जेरेमी सिम्स यांनी २०१५ साली हा चित्रपट काढला.

चित्रपटातील रेक्स (मायकेल केटन) एकटा आहे. समोर राहणाऱ्या पोली या आदिवासी स्त्रीवर त्याचे प्रेम आहे; पण चारचौघांत ते कबूल करण्याचे धैर्य त्याच्यापाशी नाही. ऊडनाडाटा, डेली वॉटर्स अशी विरळ वस्तीची गावे मागे पडतात, वाटेत टिली हा आदिवासी तरुण व ज्युली ही परिचारिका भेटते, आणि मरायला निघालेला माणूस नकळत इतरांच्या जगण्यात गुंततो. हे सारे दिग्दर्शकाने प्रवचन न करता दाखविले आहे. अखेरीस रेक्स यंत्राकडे पाठ फिरवून पोलीकडे परततो. निंगाली लॉफर्ड-वुल्फ यांची पोली रागातूनही माया व्यक्त करते. चित्रपटाचा खरा आधार तीच आहे.

दोन उणिवा आम्हांस जाणवल्या. इच्छामरणाचा पुरस्कार करणाऱ्या डॉक्टर स्त्रीची व्यक्तिरेखा फारच पातळ आहे. संत थॉमस अक्वायनस प्रत्येक प्रश्नाच्या आरंभी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडतात. तेवढा न्याय येथे व्हावयास हवा होता. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. मॅक्स बेलला अडविले ते सह्यांच्या अभावाने. रेक्सला परत आणते ते प्रेम. हा बदल हृद्य आहे, पण ज्याची वाट पाहणारे कोणीच नाही त्याने कोठे परतावे, या प्रश्नाला चित्रपट बगल देतो.

१९९५ सालीच पोप दुसरे जॉन पॉल यांनी 'इव्हान्जेलियम व्हिटे' या परिपत्रात दयामरणाचा ठाम निषेध केला. ती शिकवण आम्ही शिरोधार्य मानतो. तथापि २०२३ अखेर ऑस्ट्रेलियाच्या सहाही राज्यांत असे कायदे अमलात आले आहेत, आणि निव्वळ निषेधाने कोणा रुग्णाची रात्र सरत नाही. अंत्यविधीला आमची मंदिरे भरतात. त्याआधीच्या महिन्यांत रुग्णाच्या उशाशी बहुधा एखादी थकलेली सूनच असते. रेक्सला पोली लाभली. आपल्या धर्मग्रामातील एकाकी रुग्णासाठी ते दार कोणी उघडावयाचे, हे ठरविण्याची जबाबदारी आपलीच आहे. एवढ्यासाठी तरी हा चित्रपट वाचकांनी अवश्य पाहावा.