श्लेस्विगचा न घडलेला इतिहास

‘अमुक झालें असतें तर’ असा प्रश्न इतिहासाला विचारणें हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असें आमच्या ओळखीचे एक वयोवृद्ध इतिहासाध्यापक नेहमीं म्हणत. त्यांचें म्हणणें आम्ही निमूटपणें ऐकत असूं. परंतु पानिपतचा विषय निघाला, कीं तेच गृहस्थ विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झालें असतें, हें तासभर सांगत बसत. डॉ. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचें पानिपत’ ही कथा मराठी वाचकाला इतकी जवळची वाटली ती याच कारणानें. तींत ती गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून जाते आणि एक निराळाच हिंदुस्थान उभा राहतो. इंग्रजींत जे. सी. स्क्वायर यांनीं १९३१ सालीं या जातीच्या निबंधांचा एक संग्रह काढला. चर्चिल, चेस्टरटन, बेलॉक, मोर्वा अशा बड्या लेखकांनीं त्यांत हजेरी लावली आहे. तेथेंहि बराचसा हाच मासला. कोठें एक गाडी रस्त्यांत अडकून पडते, कोठें मारेकऱ्याचा नेम चुकतो, कोठें जर्मन बादशहा फ्रेडरिकला कर्करोगच होत नाहीं, आणि जगाचा ओघ वळतो.

या संग्रहांत डेन आणि जर्मन यांच्या सरहद्दीला जागा मिळालेली नाहीं. हौसेनें कल्पित इतिहास रचणाऱ्यांच्या लिखाणांत मात्र ती मधून मधून डोकावते, आणि आजच्या लेखाचा विषय तींच लिखाणें होत. प्रदेश लहानसाच आहे. उत्तरेस कोंगेऑ, दक्षिणेस आयडर, या दोन नद्यांमधला भाग तो श्लेस्विग; आयडरपासून एल्बेपर्यंतचा होल्स्टाइन. १४६० सालीं दोन्हीकडच्या सरदारांनीं डेन्मार्कच्या राजालाच आपला अधिपति निवडलें आणि हे दोन प्रांत कायमचे एकत्र राहतील असें त्याच्याकडून लिहून घेतलें. पुढें होल्स्टाइन जर्मन संघराज्याचा घटक झाला, श्लेस्विग झाला नाहीं. श्लेस्विगच्या उत्तर भागांत डेनिश बोलत, दक्षिणेंत जर्मन, पश्चिम किनाऱ्यावर फ्रिजियन. एकोणिसाव्या शतकांत राष्ट्रीयत्वाचें वारें वाहूं लागलें तेव्हां या जुन्या गांठीचीं दोन्ही टोकें दोन राष्ट्रांनीं ओढलीं.

या लिखाणांतला सर्वांत आवडता प्रकार म्हणजे १८६४ च्या युद्धांत डेन्मार्कला जय मिळवून देण्याचा. स्वीडनचा राजा पंधरावा चार्ल्स यानें १८६३ सालीं सैन्याची मदत देऊं केली होती. त्याच्या मंत्रिमंडळानें ती होऊं दिली नाहीं. कल्पित इतिहासकार मंत्रिमंडळाला गप्प बसवतो. स्वीडिश पलटणी डानेविर्केच्या तटबंदीवर येऊन उभ्या राहतात, फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडींत ती रातोरात सोडून जाण्याची पाळी डेन सैन्यावर येत नाहीं, १८ एप्रिलला ड्युब्बोल पडत नाहीं, बिस्मार्कचें नाक कापलें जातें. डेन्मार्कचा रंग नकाशावर आयडरपर्यंत पसरतो आणि लेखक समाधानानें लेखणी खालीं ठेवतो. आमच्या मतें खरी कथा तेथूनच सुरू व्हावयास हवी होती. १८५१ सालापासून डेनिश सरकारनें मध्य श्लेस्विगमधील शाळांत डेनिश भाषा लादली होती आणि तिनें डेन मित्र न वाढतां शत्रूच वाढले होते. विजयानंतर तें धोरण सुटलें असतें, कीं अधिकच आवळलें असतें? हुसुम गांवचा कवि व कथालेखक थिओडोर स्टॉर्म हा वकील होता; जर्मन पक्षाला मिळाल्याबद्दल डेनिश सरकारनें त्याची सनद काढून घेतली व त्याला गांव सोडावें लागलें. तो परतला तो १८६४ मध्यें, आणि नवे प्रशियन धनीहि त्याला फारसे रुचले नाहींत. विजयी डेन्मार्कमध्यें तो कधींच परतला नसता. मग समुद्राच्या बांधावरून दौडणाऱ्या घोडेस्वाराची जी कथा त्यानें १८८८ सालीं लिहिली, ती लिहिली गेली असती काय? असले प्रश्न या लेखकांच्या मनांत येत नाहींत. त्यांना लढाई जिंकावयाची असते. जिंकलेल्या मुलुखांत कोण राहतो याची चौकशी ते करीत नाहींत.

दुसरा प्रकार याहून पुष्कळ सरस आहे, कारण तो गोळीवर नव्हे तर कागदावर उभा आहे. १८६४ च्या एप्रिलपासून जूनपर्यंत लंडनला परिषद चालली होती. इंग्लंडनें श्लाय खाडी व डानेविर्के यांच्या रेषेवर फाळणी सुचविली. प्रशियानें ती बरीच उत्तरेस, ऑबेनरॉ ते टोंडर अशी मागितली. दोहोंमधील तड पंचामार्फत लावण्याची सूचनाहि पुढें आली. मोनराडच्या मंत्रिमंडळानें नकार दिला. २५ जूनला परिषद मोडली, चार दिवसांत आल्स बेट गेलें, आणि ३० ऑक्टोबरच्या व्हिएन्नाच्या तहांत दोन्ही प्रांत समूळ हातचे गेले. राज्याची लोकसंख्या सुमारें सव्वीस लाखांवरून सोळा लाखांवर आली. येथें कल्पनेला आधार आहे: जी रेषा मुत्सद्द्यांच्या मेजावर खरोखर पडलेली होती तीच उचलावयाची आहे. निआल फर्ग्युसन यांनीं १९९७ च्या आपल्या संग्रहांत घातलेली अट, कीं त्या काळच्या माणसांनीं ज्या पर्यायांचा विचार केल्याचा पुरावा आहे तेवढेच पर्याय घ्यावेत, ती येथें पुरी होते.

याहूनहि चमत्कारिक असा एक कागद आहे. टॉम बुक-स्विएंटी या डेनिश लेखकानें २०१० सालीं उघड केलें, कीं त्याच वर्षीं राजा नववा क्रिश्चन यानें आपल्या मंत्र्यांना अंधारांत ठेवून बेल्जमच्या राजामार्फत प्रशियाकडे संधान बांधलें होतें. दोन्ही प्रांत राहणार असतील तर सबंध डेन्मार्कच जर्मन संघराज्यांत यावयास तयार आहे, असा त्याचा आशय होता. बिस्मार्कनें तें झिडकारलें. तें स्वीकारलें गेलें असतें तर? दोनच वर्षांनीं, १८६६ मध्यें, तें संघराज्यच मोडलें. त्या वेळीं डेन्मार्क लक्झेंबर्गप्रमाणें अलगद सुटून निघालें असतें, कीं हॅनोव्हरप्रमाणें प्रशियानें गिळलें असतें? एका उत्तम कादंबरीचें बीज येथें आहे. दहा स्वीडिश पलटणींपेक्षां हा एक कागद आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

तरीहि या दुसऱ्या प्रकारानेंहि आमचें पुरतें समाधान होत नाहीं. हे लेखक बहुधा पामर्स्टनच्या नांवावर चालत आलेल्या एका विनोदानें आरंभ करतात. हा प्रश्न समजलेले तिघेच: एक मेला, एक प्राध्यापक वेडा झाला, आणि तिसरा पामर्स्टन स्वतः तो विसरून गेला. या विनोदानें फार नुकसान केलें आहे. तेथें राहणाऱ्याला या प्रश्नांत दुर्बोध असें कांहींच नव्हतें. शाळेंत मुलाला कोणत्या भाषेंत शिकवितात, देवळांत पाद्री कोणत्या भाषेंत बोलतो, एवढाच तो प्रश्न होता. ‘श्लेस्विग कोणाला मिळालें असतें’ असें विचारण्याऐवजीं ‘श्लेस्विगच्या माणसाला डेन किंवा जर्मन यांपैकीं एक व्हावें लागलें तें केव्हां’ असें विचारावें, म्हणजे कल्पित इतिहासाचा फांटा कोठें फुटावयास हवा हें आपोआप दिसतें. तो १८६४ मध्यें नाहीं. ११ नोव्हेंबर १८४२ रोजीं श्लेस्विगच्या प्रांतिक सभेंत हादर्सलेवचा व्यापारी पेटर हिओर्ट लोरेन्सन हा, जो तोंपर्यंत तेथें जर्मनमध्यें बोलत असे, एकदम डेनिशमध्यें बोलूं लागला आणि गोंधळ उडाला तरी तसाच बोलत राहिला. त्या दिवसापर्यंत राजनिष्ठा एक आणि भाषा दुसरी, यांत कोणाला फारसें वावगें वाटत नव्हतें. तंजावरच्या सरफोजीराजांचा पालक श्वार्ट्‌झ हा पाद्री जन्मानें जर्मन, त्याला दीक्षा मिळाली कोपनहेगनला, आणि तो आला तो डेन्मार्कच्या राजाच्या तरंगंबाडींत. त्याला तूं डेन कीं जर्मन असें कोणीं विचारलें असतें तर तो बुचकळ्यांतच पडला असता.

हें हरवलेलें जग ज्यानें खरोखर दाखविलें त्यानें ‘तर’ हा शब्द उच्चारलेलाहि नाहीं. थिओडोर फोंटाने हा प्रशियाचा माणूस. १८६४ च्या युद्धाचा इतिहास त्यानेंच लिहिला. त्यानंतर सुमारें पंचवीस वर्षांनीं त्यानें एक कादंबरी लिहिली, जिच्या नांवाचा अर्थ ‘परत न मिळणारें’ असा होतो. काळ युद्धाच्या चारपांच वर्षें आधींचा. नायक होल्क हा श्लेस्विगमधला जर्मन उमराव, पण त्याची चाकरी कोपनहेगनला एका डेनिश राजकन्येच्या दरबारीं. वरवर पाहतां ती एका मोडणाऱ्या विवाहाची कथा आहे. परंतु होल्क समुद्रकांठच्या आपल्या वाड्यांतून राजधानीस जातो, तेथल्या गप्पांत रंगतो, परत येतो, आणि हें जाणें-येणें त्याला इतकें स्वाभाविक वाटतें, कीं वाचकाच्या मनांत चर्र होतें; कारण पुढें काय होणार हें वाचकाला ठाऊक आहे. न घडलेला इतिहास लिहिण्याची याहून उंच रीत आम्हांस माहीत नाहीं.

१८६४ नंतर प्रशियानें उत्तरेंत तेंच केलें जें डेन्मार्कनें मध्यभागांत केलें होतें: १८८८ सालीं धर्मशिक्षणाचे कांहीं तास सोडून शाळेंतून डेनिश हद्दपार झाली. १९२० सालीं अखेर मतें घेतलीं गेलीं. उत्तर पट्ट्यांत सुमारें पाऊणशें टक्के डेन्मार्ककडे, दक्षिण पट्ट्यांत सुमारें ऐंशीं टक्के जर्मनीकडे. आजची सरहद्द ती हीच. चित्रकार एमिल नोल्डे १८६७ सालीं प्रशियांत जन्मला. त्या मतदानानंतर त्याचें जन्मगांव डेन्मार्कांत गेलें आणि तो डेनिश नागरिक झाला, तो मरेपर्यंत. राहिला मात्र रेषेच्या जर्मन बाजूस, मिळाला नाझी पक्षाला, आणि त्याच नाझींनीं त्याचीं हजारांहून अधिक चित्रें संग्रहालयांतून उचलून नेलीं. झिगफ्रिड लेन्झ यांच्या १९६८ च्या गाजलेल्या कादंबरींतला चित्रकार याच्यावरच बेतलेला आहे. पण लेन्झ यांनीं त्याला अधिक निर्मळ केलें. खऱ्या नोल्डेची गुंतागुंत कोणत्याहि कल्पित इतिहासकाराला सुचली नसती.

सर्वांत मोठी संधि मात्र या लेखकांनीं जवळजवळ सोडूनच दिली आहे, आणि ती आहे १९४६ ची. जर्मनी पडली होती. पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांनीं श्लेस्विग-होल्स्टाइनची वस्ती दहा लाखांहून अधिक वाढविली होती. दक्षिण श्लेस्विगमधले हजारों लोक एकाएकीं आपण डेन असल्याचें सांगूं लागले. डेन्मार्कहून येणाऱ्या अन्नाच्या पुडक्यांवरून शेजारी त्यांना ‘डुकराच्या चरबीचे डेन’ म्हणून हिणवीत. सप्टेंबरांत इंग्लंडनें डेन्मार्कला विचारलें: सरहद्द हलवावयाची आहे काय? ऑक्टोबरांत उत्तर गेलें: नाहीं. ज्याला हो म्हणावयाचें होतें तो मुख्य प्रधान क्नुड क्रिस्टेन्सन पुढच्या वर्षीं याच प्रश्नावर पडला. उत्तर ‘हो’ गेलें असतें तर फ्लेन्सबुर्गमधल्या त्या पुडकें घेणाऱ्या बाईचें, तिच्या निर्वासित शेजाऱ्याचें आणि त्या दोघांच्या मुलांच्या शाळेचें काय झालें असतें? अशी कादंबरी अद्याप आमच्या पाहण्यांत नाहीं. कोणीं लिहिली तर तिचें परीक्षण करण्यास आम्ही आनंदानें सिद्ध आहों. मात्र तींत नकाशा घालूं नये, एवढीच लेखकाला आमची आगाऊ विनंति.