थिल्लर, फाजील आणि पढतमूर्ख

मराठी समीक्षेत 'उथळ' आणि 'थिल्लर' ही विशेषणे जितक्या सहजपणे वापरली जातात, तितक्या सहजपणे त्यांचा अर्थ सांगितला जात नाही. एखाद्या कथेला थिल्लर म्हटले, की तिच्यासंबंधीचा निर्णय झाला असे समीक्षकही मानतो आणि वाचकही. वस्तुतः या शब्दांत दोन निराळे दोष एकत्र बांधलेले असतात : विचाराचा अभाव आणि गांभीर्याचा अभाव. पहिला दोष लेखनाच्या आशयाशी निगडित आहे. दुसरा, तो दोष असलाच तर, लेखकाने स्वीकारलेल्या पवित्र्याचा आहे. या दोहोंची गल्लत केल्याने समीक्षेचे जे नुकसान झाले, त्याची दखल अद्याप पुरेशी घेतली गेलेली नाही.

या गल्लतीचे मूळ एका रूपकात आहे. ज्ञानेश्वरीच्या मराठीत 'थिल्लर' म्हणजे डबके. 'उथळ' हे आजही पाण्याचेच विशेषण आहे. आणि ज्याच्या तुलनेत ही दोन्ही हिणावली जातात, त्या 'गंभीर' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थही 'खोल' असाच आहे. म्हणजे साहित्याचे मूल्यमापन करताना आपण पाण्याची खोली मोजत असतो. परंतु खोली मोजण्याच्या या पद्धतीत एक अडचण आहे. उथळ पाण्याचा तळ दिसतो. गढूळ पाण्याचा दिसत नाही, आणि म्हणून ते खोल असल्याचा भास होतो. दुर्बोध पण विचारशून्य लेखनाला मराठीत 'थिल्लर' म्हटले गेल्याचे उदाहरण शोधू गेल्यास हाती फारसे काही लागणार नाही.

भाषेजवळ मात्र याहून नेमके शब्द आहेत. 'बे' हा फारसी उपसर्ग लागून मराठीत रुळलेली विशेषणे पाहावीत : बेफिकीर, बेपर्वा, बेजबाबदार, बेताल, बेलगाम. यांतील प्रत्येक शब्द कशाची उणीव आहे ते सांगतो. बेतालाला ताल नाही, बेजबाबदाराला जाब देण्याची तयारी नाही. 'थिल्लर', 'पाचकळ', 'आचरट' हे शब्द बोलणाऱ्याची नापसंती तेवढी कळवतात. 'पोरकट' आणि 'बालिश' यांत दोषाऐवजी वयच सांगितले जाते. 'चिल्लर' हा आणखी वेगळा. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांच्या बाजारांत वावरणारा हा शब्द माणसाला लावला की त्याची किंमत सुट्या नाण्यांत होते.

या दृष्टीने मुखेडचा परिसर विशेष लक्षणीय ठरतो. नांदेड जिल्ह्याचा हा भाग तेलुगू आणि कन्नड प्रदेशांच्या शेजारचा. शिवाय 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेला. संस्थानची राजभाषा उर्दू होती, आणि 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतूनच चाले. अशा प्रदेशात 'फाजील' या एका शब्दाची दोन रूपे कानांवर पडणे अपरिहार्य होते. मूळ अरबी शब्दात 'अधिक, जास्तीचे' आणि 'श्रेष्ठ, विद्वान' असे दोन्ही अर्थ नांदतात. उर्दूत 'आलिम-फाजील' हा आदराचा जोडशब्द आहे. मदरशांतील एका पदवीचे नावही 'फाजील' आहे. मराठीने मात्र त्यातील जास्तीपणा तेवढा उचलला : फाजील लाड, फाजील आत्मविश्वास, आणि शेवटी नुसताच फाजीलपणा. कचेरीत जो शब्द विद्वत्तेची खूण होता, तोच घरात पोराला दटावताना वापरला जावा, ही केवळ गंमत नव्हे. विद्वत्ता आणि अविचार एकाच ठिकाणी वस्ती करू शकतात, ही शक्यता त्या एका शब्दाने उघडी ठेवली आहे.

हीच शक्यता मराठवाड्यातीलच जांब येथे जन्मलेल्या रामदासांनी संकल्पनेच्या पातळीवर नेली. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा, आणि दहावा पढतमूर्खाच्या लक्षणांचा. पहिल्यातील मूर्ख व्यवहारात बेसावध आहे. दुसऱ्यातील मूर्ख वाचलेला आहे, बोलतोही चांगले. त्याचा अविचार गांभीर्याच्या आवरणाखाली आहे. टवाळांना विनोद आवडतो, हे रामदासांचे मत मराठी समीक्षेने आवडीने उचलले आणि विनोदाविरुद्ध वापरले. पढतमूर्खाची कोटी मात्र तिने पोथीतच राहू दिली. समीक्षेला अधिक उपयोग होता तो या दुसऱ्या कोटीचा.

ग्रामीण कथेच्या संदर्भात ही उणीव ठळकपणे जाणवते. द. मा. मिरासदार, शंकर पाटील यांच्या विनोदी कथेनंतर ग्रामीण साहित्याची जी चळवळ उभी राहिली, तिच्या समीक्षकांत आनंद यादव यांच्याबरोबर मुखेड येथे जन्मलेले नागनाथ कोत्तापल्ले (1948–2022) यांचा समावेश होतो. खेडुताचे जगणे करमणुकीचा विषय झाले, हा चळवळीचा आक्षेप रास्त होता. तो हास्याच्या दिशेविषयी होता : कोण हसतो आणि कोणाला. पुढे वर्गावर्गांतून त्याचा जो अनुवाद झाला, त्यात 'दिशा' गळाली आणि 'ही कथा उथळ आहे' एवढेच उरले. मिरासदारांची 'भुताचा जन्म' ही कथा घ्यावी. एका साध्या घटनेला कानोकानी फिरताना भुताचे रूप कसे येते, हे ती सांगते. तिचा पवित्रा अगंभीर आहे हे खरे, पण तिचा विषयच लोकांचा अविचार आहे. तिला उथळ म्हणणे म्हणजे रोगाचे नाव वैद्याला देणे होय. हा निवाडा मुखेडच्या एखाद्या विद्यार्थ्याने पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवला, तर घरच्या बोलीत हसून बोलणे म्हणजे विचार नसणे, असा धडाही तो नकळत घेतो.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'ना हा न्याय लावून पाहावा. तेथे सुदामा आणि त्याचे सोबती पोरकटपणे वागतात, आणि त्या वागण्यातूनच धार्मिक रूढींचा समाचार घेतला जातो. मंगेश पाडगावकरांनी तर पोराला रागावताना वापरायच्या 'वात्रट' या शब्दाला संस्कृत वळणाचा '-इका' हा प्रत्यय जोडून त्याचे प्रकारनाम रूढ केले. 'वात्रटिका' म्हटल्याने आज कोणी दुखावत नाही. 'थिल्लर'ला असे भाग्य अजून लाभलेले नाही. वृत्तपत्रांतून छापल्या जाणाऱ्या वात्रटिकांत नुसती यमके जुळवलेल्या पुष्कळ निघतील. परंतु त्यांना अविचारी ठरवायचे असेल, तर यमकाखाली कोणता विचार असायला हवा होता आणि तो कोठे सुटला, हे प्रत्येक रचनेपुरते दाखवावे लागेल.