दहा प्रयोगशाळांची एक पायली

पूर्वी बाजारागणिक पायली बदलायची. एका गावची चार पायली ज्वारी दुसऱ्या गावी मोजली की हिशेब चुकायचा, आणि खोटं मात्र कुणीच बोललेलं नसायचं. मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे, म्हणजे एमआरएसएचे, जनुकीय ठसे घेणाऱ्या युरोपातल्या प्रयोगशाळांची गत अशीच होती. आठ देशांतल्या अशा दहा प्रयोगशाळांनी एक माप कसं ठरवलं, ते 'हार्मनी' प्रकल्पाचा २००३ सालचा शोधनिबंध सांगतो. मी तो पुन्हापुन्हा काढून वाचतो.

ठसा घ्यायचा तो असा. जिवाणू अगारोजच्या वडीत कोंडून त्यांचा डीएनए मोकळा करायचा. स्मा-वन हे विकर तो मोजक्याच ठिकाणी कापतं. मग विजेची दिशा ठरावीक वेळाने पालटत ते मोठाले तुकडे जेलमधून पळवायचे. लहान पुढे जातात, मोठे मागे राहतात, आणि पट्टे उमटतात.

निबंधाची खरी गोडी आहे ती त्यातल्या निवडीत. वड्या कशा पाडल्या, विकराची प्रक्रिया कशी केली, अगारोज कोणत्या प्रकारचं घेतलं, हे ज्याचं त्याच्यावर सोडलं तरी चालतं, असं ते पडताळून सांगतात. मात्र जेलचं आकारमान, वडीतल्या डीएनएचं प्रमाण, बफरची आयनिक तीव्रता आणि मात्रा, तापमान, व्होल्टेज, दिशा पालटण्याचा काळ, यांत जराही सूट नाही. आणि अगारोज? कोणतं घ्यायचं ते सुटलं, जेलमध्ये किती घालायचं ते बांधलं गेलं. एकाच पदार्थाबाबत इतका बारीक विवेक पाहिला की मन भरून येतं. सगळंच बांधून टाकणं सोपं होतं, पण मग मुरलेल्या हातांनी ते मानलंच नसतं.

दुसरी आवडती जागा अपयशाची. सात प्रयोगशाळांची जेलं संगणकावर ताडण्याजोगी निघाली, दोन मात्र वाचताच आली नाहीत: एकूण कारणं दोन, जादा रंग नीट धुतला न जाणं आणि डीएनएची गर्दी. हे त्यांनी तळटीपेत दडवलेलं नाही, सारांशातच लिहिलंय. त्यामुळेच उरलेल्या सातांवर माझा विश्वास बसतो.

आणि मग 'आयबेरियन क्लोन' हा एमआरएसएचा एक वंश दिसू लागतो: स्पेनमध्ये, फ्रान्समध्ये, बेल्जियममध्ये, जर्मनीत, थेट फिनलंडमध्ये. वेगवेगळ्या हातांनी ओतलेल्या जेलांवर पट्ट्यांची तीच ओळखीची ठेवण.